मोकळं करून ठेवायचं

आमच्या कामात वस्तू हातोहात देत नाहीत. घरी आपण मीठ हातावर देत नाही, भांडण होतं म्हणतो, तसंच. कंडेन्सर टेबलावर ठेवायचा, हात मागं घ्यायचा, मग समोरचीनं उचलायचा. आणि ठेवण्याआधी तो मोकळा करायचा. भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये भिंतीवर सूचनांचा मोठा फलक होता, इंग्रजीतला, चकचकीत. हे दोन नियम त्यावर नव्हते. ते आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या पार्वतीमावशींचे होते, आणि तेच सगळ्या पाळायच्या.

दिवाळी अंकाच्या ताई म्हणाल्या, तुमच्या कामाविषयी लिहा. मी म्हटलं, ताई, माझी शाळा सातवीत सुटली, मला कुठं लिहिता येतं? त्या म्हणाल्या, बोलता ना, तसंच लिहा. म्हणून बसले आहे. पण कामाविषयी लिहायचं म्हटलं की मला मावशींविषयीच लिहावं लागतं, आणि त्यांच्याविषयी लिहायचं म्हटलं की हात अडतो.

आधी काम सांगते. घरातला पंखा कधीकधी नुसता गुणगुणतो, फिरत नाही. बोटानं पातं ढकललं की रडतखडत फिरायला लागतो. इलेक्ट्रिशियन येतो, टोपी खाली करतो, आतली पांढरी डबी बदलतो आणि पंखा पुन्हा तरणा होतो. ती डबी म्हणजे कंडेन्सर. हल्लीची मुलं कपॅसिटर म्हणतात. तो आम्ही बनवायचो. पंख्यांचे लहान, पाण्याच्या मोटारींचे मोठे.

आत काय असतं? बघायला गेलं तर काहीच नाही. धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची पातळ पट्टी, दोन पदरी, घट्ट गुंडाळलेली. गुंडाळीच्या दोन्ही तोंडांवर जस्त फवारायचं, वायर सोल्डर करायची, डबीत बसवून वरून राळ ओतायची. पट्टीला सुरकुती पडता कामा नये, घाम लागता कामा नये, केस तर अजिबात नको. म्हणून बायका. मालक म्हणायचे, "पुरुषांच्या हातांना शेवया वळायची सवय नसते."

बनवून झाला की टेस्टिंगच्या टेबलावर प्रत्येक नग जास्तीच्या दाबानं भरून बघतात. खरी गंमत तिथं आहे. दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं बटण बंद केलं की भीती संपते. आमच्याकडं बटण बंद केल्यावर सुरू होते. करंट काढला, वायर उपसली, तरी कंडेन्सर आत भरलेलाच राहतो. दिसायला मेल्यासारखा. ज्याचा हात आधी लागेल त्याच्या अंगावर तो मोकळा होतो.

मी हिंगोलीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथं आले. नवरा चाकणला कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. दिवसभर खोलीत बसून मला कापरं भरायचं. शेजारणीनं मावशींशी गाठ घालून दिली आणि मी कामाला लागले. तोवर मी घराबाहेर कोणाशी धड बोललेही नव्हते. शेडमध्ये कोणी "ए" म्हटलं तरी दचकायची. काम जाईल ही भीती तर अशी की डबा खातानाही एक डोळा मालकाच्या केबिनकडं.

पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत टेबल आवरावं म्हणून मी मोटारीचा एक मोठा नग उचलायला गेले. सांगितलं नव्हतं कोणी, पण काम दिसलं पाहिजे ना. बोटं वायरीजवळ पोचली आणि मनगटावर सणकन काहीतरी बसलं. लाटणं! मी किंचाळले. समोर मावशी, नऊवारीचा काष्टा घट्ट, कपाळाला मोठं कुंकू, हातात अर्धं मोडलेलं लाटणं. त्याला दोन पाय फुटल्यासारखी तांब्याची जाड तार बांधलेली.

"काय मराया आलीस व्हय ग?"

"मावशी, मी फक्त बाजूला ठेवत होते..."

"बाजूला? तू बाजूला पडली आस्तीस. ह्यो बघ."

लाटण्याच्या तारेची टोकं त्यांनी त्या नगाच्या दोन्ही वायरींना लावली. फटाका फुटावा तसा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. मी भिंतीला टेकले. आता आपल्याला काढून टाकणार, गावी काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. रडायला लागले तर मावशींनी आपल्या डब्यातली भाकरी मोडून माझ्यापुढं केली.

"रडू नगं. मारलं म्हून हात ऱ्हायला. माजा बघ."

त्यांचं डावं मनगट जरा वाकडं होतं. नव्या होत्या तेव्हा असाच एक भरलेला नग कोणीतरी तसाच ठेवला होता. धक्क्यानं त्या स्टुलावरून मागं पडल्या. हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून शेडमध्ये काही उचलण्याआधी त्या विचारायच्या, "मोकळा केलास का?" नुसतं "हो" चालायचं नाही. त्या लाटणं लावून बघायच्याच. आवाज आला नाही की त्यांचे खांदे खाली यायचे, आणि मगच दुसरं काम. मालकांनी नग हळूहळू मोकळा करणारी, बल्ब लावलेली चांगली काठी आणून दिली होती. मोठ्या नगांना ती वापरा म्हणायचे. मावशी ती वापरायच्या, आणि नंतर वर लाटणं लावायच्याच.

एकदा मी विचारलं, "मावशी, हा भरतो म्हणजे आत नेमकं काय भरतं?" त्या त्यांच्या पद्धतीनं म्हणाल्या, "दोन शेजारणी हायती. मदी भिंत. बोलत न्हाईत, भेटत न्हाईत, पर दोगीबी भिंतीला कान लावून हुब्या. जितकी भिंत पातळ तितका जीव तिकडं. आन् कुणी मदनं वाट काडून दिली, की धावल्याच!" पुढं किती साहेब आले, फळ्यावर किती चित्रं काढून गेले, मला अजून त्या दोन शेजारणीच दिसतात.

गिऱ्हाइकं थेट यायची नाहीत सहसा, पण एक आठवतात. चाकणच्या बाजारातले कांद्याचे आडते. वखारीत कांद्याला वारा लागावा म्हणून त्यांनी पंखे लावले होते. कोणीतरी सांगितलं, मोठा कंडेन्सर टाका, वारा दुप्पट. यांनी टाकला. दोन दिवस वारा सुटला म्हणे, तिसऱ्या दिवशी पंख्यातून धूर. जळालेला पंखाच खांद्यावर मारून शेडमध्ये आले. अंगाला कांद्याचा वास, आवाज लिलावातला.

"कोण हाय रं हितं जबाबदार? माल देता का फटाके देता?"

मालक बाहेर गेले होते. आम्ही सगळ्या खाली माना घालून. मावशींनी पंखा पाहिला, डबी पाहिली.

"शेठ, दोन बैलांच्या गाडीला तुमी किती जुपले?"

"म्हंजे?"

"चार जुपले. गाडी पळाली, जू मोडलं. बैलांचा काय गुन्हा?"

आडते हसायला लागले. "मावशे, तू बाजारात पायजे व्हतीस राव!" पुढच्या खेपेला गोणीभर कांदे टाकून गेले. महिनाभर आमच्या सगळ्यांच्या घरी कांद्याचं पिठलं.

असे दिवस. मग मालकांनी गुंडाळीचं नवं मशीन घेतलं. पट्टी तेच ओढतं, तेच कापतं, टेस्टिंगसुद्धा आतल्या आत, आणि नग मोकळा होऊनच बाहेर येतो. मालक माणूस वाईट नव्हते. ज्यांना पडद्यावरचे आकडे वाचता येत होते त्यांना ठेवलं. मला सातवीपर्यंतचं येत होतं, मी राहिले. मावशींना अंगठ्यापुरतंच. त्यांना साडीचोळी, नारळ, सगळ्यांनी मिळून जेवण. जाताना त्यांनी फक्त लाटणं पिशवीत टाकलं आणि चाकणपलीकडं आपल्या गावी गेल्या. अधूनमधून आमच्याकडं यायच्या, पावशेर गूळ नाहीतर शेवग्याच्या शेंगा घेऊन. माझी मुलगी ऋतुजा त्यांना आजी म्हणायची. इथं आम्हाला तेवढंच एक माहेर होतं.

ऋतुजा आठवीत असताना शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. ज्याचं चांगलं, ते पुढं मोठ्या प्रदर्शनाला जाणार. एका संध्याकाळी कणीक मळताना ती जवळ येऊन बसली. "आई, तू कंपनीत नेमकं काय बनवतेस? मला तेच करायचंय."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाची कोणी घरात चौकशी केली होती. मी परातीतच हात ठेवून तिला दोन शेजारणींची गोष्ट सांगितली. पण फॅक्टरीतला नग शाळेत न्यायचा नाही, घरातल्या बोर्डाला तर वायर लावायचीच नाही, हे मी आधी बजावलं. मग घरातल्याच वस्तूंनी करायचं ठरलं.

पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली. तिच्यात पाऊणभर मिठाचं पाणी. बाहेरून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, पाण्याच्या उंचीइतकाच, त्याच्या वर नाही. झाकणातून लांब खिळा, टोक पाण्यात बुडालेलं, डोकं बाहेर. झालं. आतलं पाणी ही एक शेजारीण, बाहेरचा कागद ही दुसरी, बाटली म्हणजे भिंत. नळाच्या प्लास्टिक पाइपचा तुकडा लोकरीच्या मफलरनं खसाखसा घासायचा, एका हातात बाटली कागदावर धरून तो पाइप खिळ्याच्या डोक्याजवळून फिरवायचा. पुन्हा घासायचा, पुन्हा फिरवायचा. बऱ्याच वेळानं तारेचं एक टोक कागदाला लावून दुसरं खिळ्याजवळ न्यायचं. ठिणगी पडते.

आमची पडेना. घासून घासून पोरीचा दंड भरून आला. शेवटी मावशींना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बाटलीचा गळा वल्ला आसंल. मिठाचं पाणी सांडलंय का? कोरड्या फडक्यानं पूस, आन् उनात ठिव." तसं केलं. मग टक! इवलीशी ठिणगी, पण ऋतुजा सगळ्या चाळीला बोलवून आली. पुठ्ठ्यावर तिनं सुंदर अक्षरात लिहिलं, "घरगुती कपॅसिटर", आणि खाली, "मार्गदर्शन : पार्वतीआजी". मी म्हटलं, आजींना बोलावू या. त्यांनी बघायला पाहिजे.

थंडीचे दिवस होते. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून दोन बस बदलून आल्या. पुठ्ठ्यावरचं आपलं नाव ऋतुजानं बोट ठेवून वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "एवढं मोटं काडायचं व्हय?" आणि पदर सारखा करून टेबलाशेजारी अशा उभ्या राहिल्या, जसं काही फोटोच निघणार आहे.

परीक्षक प्रत्येक टेबलाशी थोडाच वेळ थांबत होते. बाटली भरायला वेळ लागतो, म्हणून ऋतुजानं ती आधीच भरून तयार ठेवली. परीक्षक शेजारच्या ज्वालामुखीपाशी आले. ऋतुजाचे डोळे त्यांच्याकडं. माझेही. टेबलाभोवती लहान वर्गांतली पोरं लोंबकळत होती. त्यातल्या एकाचं बोट चमकणाऱ्या खिळ्याकडं निघालं.

टक.

मी वळले तर मावशींच्या हातात लाटणं. ते त्यांनी पिशवीत आणलेलं होतं हे मला माहीतही नव्हतं. तारेची टोकं, एक कागदाला, एक खिळ्याला. त्यांचे खांदे खाली आले. पोरं "ओऽऽ" म्हणाली. ऋतुजानं पाहिलं आणि तेवढ्यात परीक्षक समोर.

"हं बाळ, दाखव."

तिनं तार नेली. काही नाही. पुन्हा नेली. पाइप घासायला घेतला, पण हातांना घाम सुटला होता, आणि ओल्या हातांचं हे काम नाही. परीक्षकांनी थोडा वेळ वाट पाहिली. एक बाई मायेनं म्हणाल्या, "माहिती छान लिहिली आहेस हं," आणि ते पुढं गेले.

ऋतुजा सगळ्यांदेखत मावशींवर ओरडली. "आजी, कोणी सांगितलं होतं हात लावायला? सगळं घालवलंत तुम्ही!"

"भरल्यालं व्हतं पोरी. बारकी पोरं हायती हितं..."

"थोडं चटकलं असतं फक्त! कळत नाही तर कशाला हात लावायचा?"

गडबड ऐकून एक सर आले. "आजीबाई, वस्तूंना हात लावू नये, केवढी पाटी लावली आहे. वाचत नाही का?"

मी पुढं झाले. "सर, त्या माझ्या..." आणि पुढचा शब्दच सापडेना. मावशी म्हणावं तर सख्ख्या नव्हेत. साहेब म्हणावं तर कंपनीनं त्यांना कधी साहेब केलं नाही. शिक्षिका म्हणावं तर आत्ताच वाचण्यावरून त्यांना बोललं गेलं होतं. सर निघून गेले. मी अजून कधीकधी भाकरी थापताना तो शब्द शोधते.

मावशी गेल्या नाहीत. बक्षिसं जाहीर होईपर्यंत खुर्चीवर बसल्या, दुसऱ्यांच्या मुलांसाठी टाळ्या वाजवल्या. मी बसस्टॉपवर सोडायला गेले.

"मावशी, पोरीचं मनावर घेऊ नका."

"तिचं न्हाई घेत. लेकराचं नुकसान माज्या हातानं झालं, त्ये घेते."

"तुमचा हात बरोबरच होता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरोबर व्हता, तर मग बिघडलं कसं?"

बस आली. त्या चढून बसल्या. चूक कोणाची म्हणून धरावी तर आजही सापडत नाही. पोरीनं कष्ट केले होते. मावशींनी तेच केलं जे केल्यामुळं माझी ही बोटं शाबूत आहेत. चूक सापडली असती तर माफी तरी मागता आली असती.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. फोन केला की गुडघे. कधी सुनेचं बाळंतपण, कधी मांडवाला वेल चढवायचेत. बोलायच्या गोड. ऋतुजाची चौकशी आधी. पण यायच्या नाहीत.

दहावीनंतर ऋतुजा आयटीआयला गेली, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला. सुरुवातीच्याच दिवसांत एकदा घरी आली ती पिशवी न काढताच बसून राहिली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "आज सरांनी सांगितलं, कपॅसिटर दिसला की आधी डिस्चार्ज करायचा, मग बाकीचं. कोणी विचारो न विचारो. एका मुलानं नाही केलं तर त्याला वर्गाबाहेर काढलं." मग पिशवी खांद्यावरून उतरवत म्हणाली, "आई, आजींकडं जायचं?"

रविवारी गेलो. तिनं नवी बाटली बनवून घेतली होती, पहिल्यापेक्षा नीटस, गळ्याला मेण लावलेली. ती आजींना द्यायची होती तिला. मावशी अंगणात होत्या. केस सगळे पांढरे. पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, चहा टाकला. जुन्या गोष्टी निघाल्या, कांद्याच्या शेठवर पुन्हा हसलो. ऋतुजानं विचारलं, "आजी, तुमचं लाटणं?"

त्यांनी मांडवाकडं बोट केलं. तोंडल्याच्या वेलाचा मांडव त्या तांब्याच्या तारेनं बांधलेला होता. "तार कामाला आली. लाकूड चुलीत गेलं."

ऋतुजानं ओसरीवर बसून पाइप घासला, बाटली भरली. मग मावशींपुढं ठेवली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही मोकळी करा."

मावशींनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाई ग बाई. लोकांच्या वस्तूला मी आता हात लावत न्हाई."

"लोकांची नाही, तुमचीच आहे. तुम्हाला द्यायला आणलीय."

"तूच कर. तुजं शिक्षान झालंय."

हसून म्हणाल्या. टोमणा नव्हता, ते मला जास्त लागलं. ऋतुजानं माझ्याकडं पाहिलं. बाटली भरलेली, आमच्या तिघींच्या मध्ये, चहाच्या कपांशेजारी. मावशींची नजर तिच्यावरून हलत नव्हती. त्यांची नात रांगत उंबऱ्यापाशी आली तेव्हा त्यांचा पदर आतून हलला, मला दिसला, पण हात बाहेर आले नाहीत. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "कर ग पोरी, लवकर कर!"

ऋतुजानं तार लावली. टक. मावशींचे खांदे खाली आले.

मग पोरीनं बाटली दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढं धरली.

"हातात नगं देऊ," मावशी म्हणाल्या. "खाली ठिव."

ऋतुजा शिकलेली आहे. तिनं बाटली खाली ठेवली आणि हात मागं घेतला, आमच्या शेडमधल्यासारखा. आता समोरचीनं उचलायची. आम्ही थांबलो. मावशी गुळाचा खडा बांधून देते म्हणाल्या, तो दिला, आपल्या मुलाच्या कंपनीतलं काहीबाही सांगितलं. बसची वेळ झाली. आम्ही पाया पडून निघालो.

वळणावर मी मागं पाहिलं. मावशी ओसरीवर उभ्या होत्या. बाटली त्यांच्या पायाशी जिथं ठेवली होती तिथंच होती, आणि त्यांचे हात पदराखाली.